कडबाकुट्टीचा थोरला भाऊ

गोठ्यातली कडबाकुट्टी ज्वारीची पेंढी बघता बघता गिळते. सहा-सात फुटांची ताटं एका तोंडातून आत जातात आणि दुसऱ्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांचा ढीग साचतो. छाटणीच्या दिवसांत बांधावर फांद्यांचे डोंगर उभे राहिले, की कुणाला तरी वाटतंच, हिच्यातच घालून बघूया का?

आमच्या घरी बघून झालं आहे. मी शाळेत होतो तेव्हा धाकट्या काकांनी डाळिंबाची अंगठ्याएवढी, चांगली वाळलेली फांदी कुट्टीच्या तोंडात सरकवली. एकदाच 'खट्ट' झालं, पट्टा पुलीवरून उडाला आणि चाक जागच्या जागी थांबलं. पातं सोडवून पाहिलं तर धारेला करंगळीच्या नखाएवढा खांडा. आजी ओसरीवरूनच म्हणाली, "गाईच्या तोंडात हाडूक घातलंस, आणखी काय होणार?"

गंमत अशी, की आधीची पेंढी मनगटापेक्षा जाड होती आणि फांदी अंगठ्याएवढी. जाडीवरच सगळं ठरत असतं तर उलट व्हायला हवं होतं. हे कोडं उलगडलं, की छोट्या ट्रॅक्टरसाठी फांद्या बारीक करणारा चिपर कसा निवडावा, यातलं अर्धं काम झालंच. कारण चिपर म्हणजे कडबाकुट्टीचा थोरला भाऊ. घराणं एकच, फरक हाडापेरात.

## झटक्याचा खर्च

ज्वारीचं ताट आतून भेंडासारखं असतं. वरची साल टणक, पण आत हवेने भरलेला मऊ गर. पात्याने साल फोडली की पुढे अडवायला कुणी नाही. लाकूड मात्र आरपार भरीव. लांब लांब तंतूंची, एकमेकांना चिकटवून घट्ट बांधलेली मोळीच ती. तिला आडवं कापायचं तर पात्याला यच्चयावत तंतू तोडावे लागतात, आणि तेही जवळजवळ एकाच क्षणी.

हा क्षण किती लहान? चांगल्या वेगाने फिरणारं पातं दीड इंची फांदीतून आरपार जातं ते सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्याही आत. एवढ्याशा वेळात लागणारी ताकद इंजिन आयत्या वेळी आणून देऊ शकत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला रोजची मजुरी रोज मिळते, पण मुलीच्या लग्नाचा खर्च एका दिवसात उभा राहतो. तो त्या दिवसाच्या मजुरीतून भागत नाही, साठवणीतून भागतो. इंजिन ही मजुरी, आणि चिपरमधलं जड फिरतं चाक, म्हणजे फ्लायव्हील, ही साठवण. दोन फांद्यांच्या मधल्या वेळात इंजिन या चाकात थोडी थोडी शिल्लक टाकत राहतं. फांदी आली की चाक ती एका झटक्यात खर्च करतं. कुट्टीच्या चाकात कडब्यापुरती शिल्लक होती, डाळिंबापुरती नव्हती. एवढाच त्या 'खट्ट'चा अर्थ.

आता साठवण किती, याचा हिशोब करू. ६० किलो वजनाची, ६० सेंटिमीटर व्यासाची सपाट पोलादी तबकडी घ्या. ती मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरत असेल, तर तिच्यातली ऊर्जा एक क्विंटलचं पोतं चौदा फूट वर उचलायला लागेल तेवढी भरते. तबकडी तीच ठेवली आणि पट्टा-पुली लावून फेरे १०८० केले, तर? दुप्पट नव्हे, चौपट. तेच पोतं आता पाच मजली इमारतीच्या गच्चीवर जाईल. वजन दुप्पट केलं तर साठवण दुप्पट होते; वेग दुप्पट केला तर चौपट.

फांदीच्या बाजूनेही असाच वर्गाचा खेळ आहे. दोन इंचांच्या फांदीपेक्षा चार इंचांच्या फांदीत कापायला चौपट लाकूड असतं. म्हणून माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेला '४ इंच', '५ इंच' हा आकडा मी फारसा मनावर घेत नाही. तो यंत्राच्या तोंडाचा आकडा असतो, पोटाचा नव्हे. पाच इंचांचं ओंडकं आत जाईल, हे खरं. पण दर वेळी चाक गुदमरून बसणार असेल, तर त्या तोंडाचं करायचं काय? दुकानात विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत: चाकाचं वजन किती आणि ते किती फेऱ्यांनी फिरतं? याचं उत्तर द्यायला विक्रेता खिशातला मोबाइल काढून कारखान्याला फोन लावू लागला, तर तो प्रामाणिक तरी आहे. 'एकदम हेवी आहे, दादा' एवढ्यावरच थांबला, तर आपण पुढच्या दुकानाकडे वळावं.

## किसणी, अडकित्ता आणि खलबत्ता

छोट्या ट्रॅक्टरमागे लावायची यंत्रं मुख्यतः दोन जातींची. एक कापणारी, एक कुटणारी.

कापणारीत सर्वांत साधी ती तबकडीची. उपासाचे वेफर्स पाडायची किसणी आठवा. पातं किसणीच्या पाटीतून किंचित वर आलेलं असतं. बटाटा त्यावरून गेला की चकती कापली जाऊन खालच्या फटीतून पडते. चिपरमध्ये बटाटा जागेवर असतो आणि किसणी फिरते. तबकडीवर दोन किंवा चार पाती बसवलेली, प्रत्येकाच्या पुढे एक फट. तबकडी दोन पात्यांची असेल आणि मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला दोन हजार काप. फांदी मिनिटाला दहा मीटर या गतीने आत सरकत असेल, तर प्रत्येक तुकडा पाच मिलिमीटरचा. म्हणजे तुकडा जाड हवा की बारीक, हे पात्यांची संख्या, वेग आणि फांदी सरकण्याची गती या तिघांनी मिळून ठरतं.

पण किसणीची उपमा इथे संपते, कारण बटाट्याला खालून टेकू लागत नाही. लाकडाला लागतो. फिरत्या पात्यासमोर एक जाड, स्थिर पोलादी पट्टी असते. अडकित्त्याचं खालचं पान म्हणा. या दोघांमधली फट एखाद-दोन मिलिमीटरचीच असायला हवी. नेमकी किती, ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. जुन्या अडकित्त्याचा खिळा ढिला झाला की सुपारी कातरली न जाता चेचली जाते, हे ज्यांच्या घरात पानाचं तबक होतं त्यांना सांगायला नको. फट वाढलेल्या चिपरचंही तेच होतं. बारीक काड्या आणि साली कापल्या न जाता दुमडून आत जातात, लांब लांब दोऱ्या बाहेर पडतात, आणि इंजिन उगाचच घामाघूम होतं. अशा वेळी आपण धारेला दोष देतो. आधी फट बघावी.

पातं तबकडीवर थोडं तिरकं बसवलेलं असतं, तेही उगाच नाही. त्या तिरकेपणामुळे दर घावाला फांदी थोडी आत ओढली जाते. चांगल्या धारेच्या यंत्रात फांदी टेकवली की हातातून अलगद निघून जाते. धार बोथट झाली की ही ओढ संपते, मग माणूस ढकलायला लागतो. अपघाताची सुरुवात बहुधा इथे होते. म्हणून धार हा नुसता कामाचा प्रश्न नाही, हाताचाही आहे.

मोठ्या यंत्रांत तबकडीऐवजी पाती बसवलेला रूळ असतो आणि फांदी आत ओढायला दातेरी हायड्रॉलिक रोलर. वाकड्यातिकड्या, फाटे फुटलेल्या फांद्या हे रोलर मोडून-दाबून आत घेतात. सोय उत्तम. पण किंमत आणि वजन दोन्ही छोट्या ट्रॅक्टरच्या आवाक्याबाहेर जाऊ लागतात.

दुसरी जात खलबत्त्याची. हिला बाजारात श्रेडर म्हणतात. यात धारदार पात्यांऐवजी आसाला टांगलेले झुलते हातोडे असतात. ते लाकूड कापत नाहीत, झोडपून काढतात. त्यामुळे तेवढ्याच लाकडाला ताकद जास्त लागते आणि बाहेर येतो तो तुकडा नसतो, चोथा असतो. पण या यंत्राचा एक मोठा गुण आहे: ते सोशिक आहे. पाला, माती, सुतळी, बारीकसा खडा आला तर हातोडा मागे झुलतो आणि काम पुढे चालू राहतं. तबकडीच्या पात्याला अशा ठिकाणी खांडा पडला असता. बाजारातली बरीच स्वस्त यंत्रं या दोघांचा संकर असतात. वरच्या मोठ्या नसराळ्यात पाला टाकायचा, बाजूच्या लहान नळीत फांदी. दोन्ही कामं थोडी थोडी करतात. माझं मत विचाराल तर दोन्ही थोडी थोडीच करतात.

## आधी ढिगात हात घाला

यंत्र बघायला जाण्याआधी आपला ढीग बघावा, असं मी ज्याला-त्याला सांगतो आणि लोक हसतात. नाशिककडच्या एका मित्राच्या द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आम्ही हे केलं होतं. बांधावरच्या ढिगातून डोळे मिटून शंभर काड्या ओढल्या आणि तीन गठ्ठे केले: करंगळीएवढ्या, अंगठ्याएवढ्या, मनगटाएवढ्या. करंगळीच्या गठ्ठ्याला दोन्ही हातांची कवळ अपुरी पडली. अंगठ्याचा गठ्ठा मुठीत मावला. मनगटाच्या जागी काहीच नव्हतं. मित्राने तोवर सहा इंची चिपरची चौकशी करून ठेवली होती!

त्याला खरं तर चिपर नकोच होता. द्राक्षाची काडी पेन्सिलीच्या जाडीची. ती उचलून बांधावर आणायची, मग यंत्रात घालायची, ही मजुरी कशाला? दोन ओळींमधून ट्रॅक्टर जातोच. ओळीतच काड्या पसरून त्यांच्यावरून फिरवायचं मल्चर हे त्याच्या कामाचं यंत्र. त्या ढिगात आणखीही काही सापडलं होतं: ठिबकच्या नळीचे तुकडे, बांधणीची सुतळी आणि वीतभर तार. अशा ढिगाला धारदार पात्यांचं यंत्र दाखवूसुद्धा नये.

डाळिंबाचं उलट. फांदी जाड नसते, पण काटेरी आणि जागोजाग फुटलेली. दोन इंचांच्या फांदीचा फाटा आडवा धरला तर सात-आठ इंच भरतो आणि तोंडातच अडकतो. इथे तोंड रुंद हवं, नाहीतर शेजारी कोयता घेऊन फाटे सोलणारा एक गडी. कोकणात आंब्याच्या जुन्या झाडांची विरळणी केली की खरोखर जाड लाकूड निघतं. पण चार इंचांच्या वरचं लाकूड चिपरमध्ये कशाला घालायचं? त्याला सरपण म्हणून घरात जागा आहे आणि बाजारात गिऱ्हाईक. हे एकदा मान्य केलं, की यंत्राचा आकार आणि किंमत आपोआप एक पायरी खाली येते. नारळाच्या झावळ्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचे चिवट तंतू आसाभोवती दोरखंडासारखे गुंडाळले जातात, म्हणून तिथे हातोड्यांचं यंत्र, आणि आसाजवळचं झाकण चटकन उघडता येईल असं.

ढीग कधीचा आहे, हेही बघायचं. ओलं लाकूड मऊ कापलं जातं, कारण तंतूंमधलं पाणी त्यांना नरम ठेवतं. तीच फांदी महिनाभर वैशाखाच्या उन्हात पडली की पात्याची परीक्षा बघते. छाटणी झाली की आठ-पंधरा दिवसांत कुट्टी उरकणं बरं. काळ्या जमिनीवरून ओढत आणलेल्या फांद्यांना चिकटलेली माती तर धारेला कानशीसारखी लागते.

## चोवीस एचपीतले हाती किती?

आता ट्रॅक्टरकडे. बॉनेटवर लिहिलेले २४ एचपी हे इंजिनाचे. गिअरबॉक्समधून वाट काढत मागच्या पीटीओपर्यंत, म्हणजे ब्लोअर किंवा रोटाव्हेटर जोडतो त्या फिरत्या दांड्यापर्यंत येता येता त्यातले दहा-पंधरा टक्के झिजतात. हाती उरतात वीस-एकवीस. नेमका आकडा हवा असेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय संस्थेसारख्या ठिकाणी झालेल्या ट्रॅक्टर चाचण्यांचे अहवाल असतात. त्यांत पीटीओची ताकद आणि हायड्रॉलिकची उचल दोन्ही मोजलेली असतात. विक्रेत्याकडे तो अहवाल मागायला संकोच नको.

तबकडीच्या चिपरला जाडीच्या दर इंचामागे पाचेक पीटीओ एचपी असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला चार इंच ही शेवटची हद्द, आणि रोजचं काम दोन-तीन इंचांचं. १५ एचपीच्या ट्रॅक्टरवाल्याने अडीच इंचांवर समाधान मानावं.

'५४०' हा आकडा पीटीओच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा. पण तो आपोआप मिळत नाही. इंजिन ठराविक वेगाला आणलं तरच मिळतो, आणि मीटरवर त्या ठिकाणी बहुधा खूण केलेली असते. डिझेल वाचवायचं म्हणून अॅक्सिलरेटर खाली ठेवून चिपर चालवणारे मी पाहिले आहेत. वेग पाऊणपट केला तर चाकातली साठवण निम्म्याच्या जेमतेम वर राहते, हे वरच्या वर्गाच्या हिशोबावरून कळेल. मग यंत्र अडकतं, ते उघडून साफ करण्यात अर्धा तास जातो, आणि वाचवलेलं डिझेल तिथेच संपतं.

छोट्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. ज्या ट्रॅक्टरचा पीटीओ गिअरबॉक्सशी बांधलेला असतो, त्यात क्लच दाबला तरी फिरतं जड चाक थांबत नाही. ते उलट्या बाजूने गिअरबॉक्सला ढकलतं, आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर क्लच दाबलेल्या अवस्थेत पुढे सरकतो. यावर उपाय म्हणजे ओव्हररनिंग क्लच नावाचा एक छोटा जोड. तो सायकलच्या फ्रीव्हीलसारखा काम करतो: ट्रॅक्टर चाकाला फिरवू शकतो, चाक ट्रॅक्टरला नाही. ट्रॅक्टरला डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असेल तर ही अडचण नाही. नसेल तर हा जोड घेतल्याशिवाय चिपर जोडू नये.

वजनाचंही तसंच. चाक जड हवं म्हणताना पूर्ण यंत्र किती भरतं ते विचारा. उचलीचा आकडा लिंकच्या टोकाशी मोजलेला असतो. यंत्राचं वजन त्याच्या मागे फूट-दीड फूट लोंबकळतं. खांद्याजवळ धरलेली बादली आणि हात लांब करून धरलेली बादली, एवढा फरक. चढावर पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग नुसतं शोभेला उरतं.

## स्वस्त कुठे, महाग कुठे

काटकसर कुठे चालते? रंगात, हायड्रॉलिक रोलरमध्ये, गोल फिरणाऱ्या नळकांड्यात. बहुतेक शेतकऱ्यांना चिप्सचा फवारा चहूकडे वळवायची गरज नसते. गिअरबॉक्सऐवजी पट्टा-पुलीचं यंत्रही चालेल, किंबहुना मला ते बरं वाटतं. अडकलं तर पट्टा घसरतो आणि पुढचं नुकसान टळतं, आणि पट्टा तालुक्याच्या गावात मिळतो. फक्त तो बाजारातल्या ठरलेल्या नंबराचा हवा. बेअरिंगचंही तेच.

काटकसर चालत नाही ती पात्यात आणि तोलात. गावाकडे ट्रकच्या कमानपाट्यापासून पाती बनवून देतात. काही टिकतातही. पण ग्राइंडरवर घाईने धार काढताना पातं निळं पडलं, तर त्या जागचं पाणी उतरलं म्हणून समजा. ती धार संध्याकाळपर्यंत टिकणार नाही. धार पाण्यात बुडवत बुडवत, सावकाश काढावी लागते. आणि दोन्ही पाती सोनाराच्या नाही तरी किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर घालून बघावीत. एक पातं दुसऱ्यापेक्षा ५० ग्रॅम जड असेल, आणि ते मध्यापासून २५ सेंटिमीटरवर हजार फेऱ्यांनी फिरत असेल, तर बेअरिंगला सुमारे १४ किलोचा हिसका बसतो. मिनिटाला हजार वेळा, दर क्षणी वेगळ्या दिशेला. बेअरिंग वर्षात का जातं, याचं उत्तर अनेकदा त्या ५० ग्रॅममध्ये असतं.

आणि मुळात घ्यावाच का? समजा यंत्र १ लाख २० हजारांचं आहे, वर्षाला तीस तास चालतं आणि आठ वर्षं टिकतं. म्हणजे २४० तास. तासाला पाचशे रुपये नुसती किंमतच. डिझेल, धार, मजुरी वेगळी. एकट्याच्या दोन एकरांना हे परवडत नाही. चौघांत मिळून घेतलं, किंवा जवळच्या अवजार बँकेतून भाड्याने आणलं, तर परवडतं. २०१४-१५ पासून चालू असलेल्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प-अत्यल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के असं अनुदानाचं प्रमाण आहे, अर्थात यंत्रागणिक ठरलेल्या कमाल रकमेच्या आत. अर्ज महाडीबीटीवर करायचा. पूर्वसंमती हातात येण्याआधी यंत्र घरी आणलं तर अनुदान विसरायचं.

चौकट: दुकानात जाताना

- सोबत आपल्या बागेतल्या पाच-सात फांद्या न्या: एक फाटे फुटलेली, एक वाळलेली, एक पाल्यासकट. विक्रेत्याची सरळसोट सुबाभळीची काठी कोणतंही यंत्र खातं.
- चाकाचं वजन, चाकाचे फेरे, पूर्ण यंत्राचं वजन: हे तीन आकडे बिलाच्या मागे लिहून घ्या.
- पातं सोडवून दाखवायला सांगा. दोन पान्यांत, पंधरा मिनिटांत निघायला हवं.
- पीटीओ शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण आहे ना? शिअर बोल्ट, म्हणजे अडकल्यावर स्वतः तुटून बाकीचं वाचवणारा नट-बोल्ट, कुठे आहे?
- तोंडापासून पात्यापर्यंतचं अंतर आपल्या हाताने मोजा. खांद्यापासून बोटांपर्यंतच्या लांबीपेक्षा ते जास्त हवं.

## नऊवारी तीन सेकंदांत

या चौकटीतले शेवटचे दोन मुद्दे लोक वरवर वाचतात, म्हणून थोडं थांबतो. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. पीटीओ शाफ्टच्या सांध्याचा व्यास चार इंच धरला, तर एका फेऱ्यात फूटभर कापड गुंडाळलं जातं आणि सेकंदात नऊ फूट. नऊवारी लुगडं सत्तावीस फुटांचं. तीन सेकंद. डोक्याला बांधलेला रुमाल किंवा गळ्यातलं उपरणं तर 'अरे' म्हणायच्या आत. आपल्याकडे ढीग उचलून यंत्राला देण्याचं काम पुष्कळदा बायका करतात, पदर खोचून. पीटीओवरचं आवरण 'अडचण होते' म्हणून काढून ठेवणाऱ्याला हा हिशोब एकदा वाचून दाखवावा.

मळणी यंत्रांनी मजुरांचे हात घेतले तेव्हा १९८३ साली केंद्राला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला होता. तोंड पुरेसं लांब आणि झाकलेलं असावं, हात पात्यापर्यंत पोचूच नये, हे तिथलं मुख्य तत्त्व. तेच इथे. अडकलेली फांदी हाताने किंवा पायाने ढकलायची नाही, दुसऱ्या लांब फांदीने ढकलायची. आणि पीटीओ बंद केला म्हणजे यंत्र थांबलं असं नाही. ज्या साठवणीचं आपण इतका वेळ कौतुक केलं, ती संपायला वेळ लागतो. आवाज गेल्यावरही चाक फिरत असतं. ते डोळ्यांनी थांबलेलं दिसलं, ट्रॅक्टरची चावी खिशात आली, की मग झाकण उघडायचं.

## कुट्टीचं पुढे काय

एवढा खटाटोप करून मिळालेली लाकडी कुट्टी मातीत मिसळायची मात्र नाही. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र नाममात्र. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतो. तो लाकडात मिळाला नाही की ते मातीतला घेतात आणि झाडं पिवळी पडतात. तीच कुट्टी झाडाच्या आळ्यात वर नुसती पसरली, तर ही ओढाताण वरच्या पातळ थरापुरती राहते आणि खाली ओल टिकते. खोडाला मात्र भिडवू नये, चार बोटं मोकळी ठेवावीत. खतच करायचं असेल तर शेण, हिरवा पाला मिसळून कर्ब-नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एकच्या आसपास आणायचं आणि ढीग ओला ठेवायचा.

तेल्या रोग आलेल्या डाळिंबाच्या किंवा खोडकिड्याने पोखरलेल्या फांद्यांची कुट्टी बागेत पसरणं म्हणजे रोगाला घरपोच सेवा. त्या वेगळ्या काढून बागेबाहेर नष्ट कराव्यात. यंत्र चौघांत असेल तर आधीच्या बागेतला चोथा झाडून मगच पुढच्या बागेत न्यावं.

धाकट्या काकांकडे आता तीन शेजाऱ्यांबरोबर घेतलेला तबकडीचा चिपर आहे. तीन इंची. छाटणी झाली की तेही ढिगासमोर बसून तीन गठ्ठे करतात. करंगळीच्या आणि अंगठ्याच्या गठ्ठ्यांची कुट्टी होते. मनगटाचा गठ्ठा आजीच्या वेळी जिथे जायचा तिथेच जातो, न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात.